पाच वेळा, पाच हाका : पालघर-तारापूरच्या किनाऱ्यावरील नमाज

पालघर – पश्चिम रेल्वेने मुंबईहून डहाणूकडे निघाल्यास डाव्या हाताला, काही मैलांवर, समुद्र सतत सोबत असतो. केळवे, माहीम, सातपाटी, तारापूर, चिंचणी ही सारी गावे पश्चिमेकडे तोंड करून बसलेली आहेत. या किनाऱ्यावरील मुसलमान नमाजासाठी उभा राहतो तेव्हा त्याचेही तोंड याच समुद्राकडे असते. मक्केतील काबा येथून सुमारे ३,४०० किलोमीटर दूर आहे आणि त्याची दिशा अगदी नेमकी पश्चिम नसून पश्चिमेच्या किंचित उत्तरेला, सुमारे नऊ अंशांनी कललेली आहे. मशिदीच्या भिंतीतील कमानदार कोनाडा, म्हणजे मिहराब, हीच दिशा दाखवितो.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. आदिवासी पाडे, मच्छीमारांची बंदरे, वाड्या-बागायती, १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुविद्युत केंद्र आणि बोईसरला लागून पसरलेली औद्योगिक वसाहत अशी या भागाची विविध रूपे आहेत. त्यात तारापूर, चिंचणी, मनोर, डहाणू यांसारख्या ठिकाणच्या जुन्या कोकणी मुस्लिम वस्त्या आहेत, आणि कारखान्यांच्या ओढीने उत्तर प्रदेश, बिहार व इतर भागांतून आलेले कामगारही आहेत. दोघांची नमाज एकच. पण ती अदा करण्याच्या बारीकसारीक रीती वेगळ्या, आणि ती दिवसाच्या कामात बसविण्याच्या अडचणीही वेगळ्या.

प्रार्थना की विधी?

मराठीत नमाज या शब्दाचा अर्थ सर्रास ‘प्रार्थना’ असा सांगितला जातो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. नमाज हा मूळ फारसी शब्द. कुराणात यासाठी ‘सलात’ हा अरबी शब्द येतो. देवाकडे काही मागणे, गाऱ्हाणे घालणे याला ‘दुआ’ म्हणतात. दुआ कोणत्याही भाषेत, कोणत्याही वेळी, बसून वा चालता-चालता करता येते. नमाजाचे तसे नाही. तिची वेळ ठरलेली, दिशा ठरलेली, शब्द अरबी आणि ठरलेले, शरीराच्या हालचालीही ठरलेल्या. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण द्यायचे तर नवसापेक्षा ती संध्येच्या अधिक जवळ जाते. नमाज म्हणजे मागणे नव्हे, हजेरी होय.

इस्लामच्या पाच आधारस्तंभांत श्रद्धेच्या उच्चारानंतर नमाजाचाच क्रम लागतो. उरलेल्या तिघांना अटी आहेत. जकात केवळ ठरावीक मर्यादेहून अधिक संपत्ती बाळगणाऱ्याने द्यावयाची, रमजानचे रोजे वर्षातून एक महिना, तेही आजारी व प्रवासी यांना पुढे ढकलण्याची मुभा. हज तर ऐपत असेल त्याने आयुष्यात एकदा. नमाज मात्र श्रीमंताला आणि कर्जबाजाऱ्याला, धडधाकटाला आणि अंथरुणाला खिळलेल्याला सारखीच लागू आहे. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडल्या पडल्या, तेही जमत नसेल तर मानेच्या खुणेने. सूट आहे ती अजाण बालकाला, शुद्ध हरपलेल्याला, मानसिक भान नसलेल्याला, आणि मासिक पाळीच्या व बाळंतपणानंतरच्या काळात स्त्रियांना. स्त्रियांना त्या दिवसांच्या नमाजी नंतर भरून काढाव्या लागत नाहीत. सुटलेले रोजे मात्र भरून काढावे लागतात. मुलाला सातव्या वर्षी नमाजाची सवय लावावी आणि दहाव्या वर्षानंतर त्याबाबत कडक राहावे, असा संकेत आहे.

परंपरेनुसार पाच वेळांची नमाज पैगंबर मुहंमद यांच्या मेराजच्या रात्री, म्हणजे स्वर्गारोहणाच्या प्रसंगी, फर्ज झाली. प्रथम पन्नास वेळांची आज्ञा होती आणि ती कमी होत होत पाचांवर आली, अशी ही कथा घरोघरी सांगितली जाते. आरंभीच्या काळात नमाज जेरुसलेमकडे तोंड करून होत असे. हिजरतीनंतर दुसऱ्या वर्षी, इसवी सन ६२४ मध्ये, दिशा बदलून ती काब्याकडे झाली.

विधी वरकरणी सोपा आहे. प्रथम वजू : हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरांपर्यंत बाहू, डोक्यावरून ओला हात, घोट्यांपर्यंत पाय. पाणी नसेल किंवा पाण्याने अपाय होणार असेल तर कोरड्या शुद्ध मातीवर हात फिरवून ‘तयम्मुम’ करता येते. मग मनात संकल्प, म्हणजे नीयत, दोन्ही हात उचलून देवाच्या थोरवीचा उच्चार, उभ्याने कुराणातील पहिला अध्याय आणि आणखी काही आयतींचे पठण, कमरेत वाकून रुकू, पुन्हा उभे, मग कपाळ जमिनीला टेकवून दोन वेळा सजदा. एवढे झाले की एक ‘रकात’ पूर्ण होते. शेवटी बसून पठण आणि उजव्या-डाव्या बाजूस मान वळवून सलाम. फजरच्या दोन, जोहरच्या चार, असरच्या चार, मगरीबच्या तीन आणि इशाच्या चार अशा दिवसाच्या एकूण १७ रकाती अनिवार्य आहेत. सुन्नत व नफ्ल रकाती त्याव्यतिरिक्त. अनिवार्य तेवढीच अदा करायची तर एका नमाजाला पाच ते दहा मिनिटे पुरतात. अडचण मिनिटांची नाहीच. ती मिनिटे कोणत्या वेळी हवीत, याची आहे.

सूर्याचे घड्याळ, कारखान्याचा भोंगा

नमाजाच्या वेळा घड्याळावर नव्हे, सूर्यावर ठरतात. फजर म्हणजे पहाटेची पहिली आडवी प्रभा दिसल्यापासून सूर्योदयापर्यंत. जोहर सूर्य माथ्यावरून कलल्यावर. असर सावली वस्तूएवढी (काहींच्या मते दुप्पट) लांब झाल्यावर. मगरीब सूर्यास्तानंतर संधिप्रकाश असेपर्यंत. इशा त्यानंतर रात्री. उगवतीच्या क्षणी, ऐन माध्यान्ही आणि मावळतीच्या क्षणी सर्वसाधारण नमाज पढू नये, असाही दंडक आहे. सूर्यपूजेशी गल्लत होऊ नये, हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

भारताची प्रमाणवेळ अलाहाबादजवळून जाणाऱ्या रेखांशावर बेतलेली असल्याने पालघरच्या किनाऱ्यावर सूर्य घड्याळाच्या मागे असतो. येथे माध्यान्ह बारा वाजता होतच नाही. नोव्हेंबरच्या आरंभी ती साधारण १२ वाजून २२ मिनिटांनी, तर फेब्रुवारीच्या मध्यात १२ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास होते. म्हणून बारा वाजता जेवणाची सुट्टी देणाऱ्या कारखान्यात जोहरची नमाज त्या सुट्टीत बहुधा बसत नाही; एकच्या सुट्टीत ती वर्षभर बसते. जूनमध्ये फजरची वेळ पहाटे पावणेपाचच्या आधीच सुरू होते आणि सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. जानेवारीत ती सहाला काही मिनिटे कमी असताना सुरू होऊन सव्वासातपर्यंत राहते. सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या आत, तर जुलैच्या आरंभी सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास.

तारापूर औद्योगिक वसाहतीतील रासायनिक, औषधी, कापड व पोलाद कारखाने बहुतांशी रात्रंदिवस चालतात. तीन पाळ्यांची साधारण विभागणी धरली तर दिवसपाळीच्या कामगाराची एकच नमाज, जोहर, कामाच्या वेळेत येते. दुपारी तीन ते रात्री अकरा या पाळीत मात्र असर, मगरीब आणि इशा अशा तीन येतात. इशाला रात्र पडली आहे, असरलाही दीड-दोन तासांचा अवकाश असतो. कसोटी लागते ती मगरीबची. सूर्यास्तापासून सव्वा तासाच्या आसपास तिची मुदत संपते, आणि कारखान्याच्या चहाची वेळ सूर्यास्ताप्रमाणे सरकत नाही. रात्रपाळीत फजर येते. डोळे जड झालेल्या त्या तासाला भट्टीवरील वा रिअॅक्टरवरील माणसाला जागा सोडायची तर बदली हवा. येथे अनेक ठिकाणी व्यवहार चालतो तो सहकाऱ्यांच्या समजुतीवर : याच्या नमाजाला त्याने दहा मिनिटे यंत्र पाहायचे, त्याच्या सणाला याने पाळी बदलून द्यायची. १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती घालून दिली होती; नमाजासाठी अशी स्वतंत्र सवलत त्यात नव्हती. त्यामुळे जेथे सवलत मिळते तेथे ती मुकादमाच्या व व्यवस्थापनाच्या मर्जीवर असते, आणि मागायला संकोचणारा कंत्राटी कामगार ती मागतही नाही.

अशा वेळी सुटलेली नमाज नंतर ‘कजा’ म्हणून अदा करावी, असे शास्त्र सांगते. परंतु कजा म्हणजे पर्याय नव्हे. ती फेडायची राहिलेली बाकी आहे. कामाच्या गडबडीत जाणूनबुजून वेळ टाळणे हे पाप मानले जाते, तर झोप न उघडणे वा विसरणे क्षम्य धरले जाते. कुराणाच्या चौथ्या अध्यायात नमाज ठरावीक वेळी बंधनकारक असल्याचे म्हटले आहे, आणि त्याच ठिकाणी ऐन युद्धात अर्ध्यांनी पहारा द्यावा व अर्ध्यांनी नमाज पढावी, अशी सोयही सांगितली आहे. यंत्रावर आळीपाळीने उभे राहणाऱ्या कामगारांना हा दाखला फार लांबचा वाटू नये.

रसायनांच्या वसाहतीत आणखी एक प्रश्न वजूचा. रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्याचे हात निळे-तांबडे होतात. त्या हाताने वजू होते काय? निर्णय असा की, त्वचेवर नुसता डाग उरला असेल, थर नसेल, तर पाणी त्वचेपर्यंत पोहोचते आणि वजू होते. ऑइलपेंट, डांबर वा ग्रीस यांचा पाणी अडविणारा थर असेल तर तो आधी काढावा लागतो. धर्मशास्त्राची पुस्तके जितकी कोरडी वाटतात तितकी ती असत नाहीत, हे अशा प्रश्नांवरून कळते.

एका रांगेत दोन रीती

कोकणी मुसलमान शाफई पंथाचे अनुयायी आहेत. हा पंथ त्यांच्याकडे उत्तरेतून, सुलतानांच्या सैन्याबरोबर आलेला नाही. तो समुद्रमार्गे, अरबी व्यापाऱ्यांबरोबर आला. मलबार, श्रीलंका, इंडोनेशिया अशा हिंदी महासागराच्या काठावरील मुसलमानांतही तोच प्रचलित आहे. याउलट उत्तर भारतातील बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत. बोईसरच्या चाळींतून आज हे दोन्ही प्रवाह शेजारी नांदतात, आणि मशिदीतील एकाच रांगेत ते सहज ओळखू येतात.

शाफई माणूस हात छातीच्या खाली, नाभीच्या वर बांधतो, हनफी नाभीखाली. रुकूला जाताना व उठताना शाफई पुन्हा हात उचलतो. हनफी केवळ आरंभी उचलतो. इमामाचे पठण संपल्यावर शाफई ‘आमीन’ मोठ्याने म्हणतो, हनफी मनातल्या मनात. इमामामागे उभा असताना शाफई पहिला अध्याय स्वतःही हळू आवाजात पढतो, हनफी शांत उभा राहून ऐकतो. सर्वांत ठळक फरक पहाटेचा. शाफई इमाम फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूनंतर हात उचलून ‘कुनूत’ नावाची दुआ म्हणतो. मागे उभे असलेले शाफई हात उचलून आमीन म्हणतात आणि त्यांच्या शेजारचे हनफी हात खाली सोडून स्तब्ध उभे राहतात. मग दोघेही एकाच वेळी सजद्यात जातात. ईदच्या नमाजात शाफई रीतीप्रमाणे पहिल्या रकातीत सात व दुसरीत पाच जादा तकबीर असतात, हनफी रीतीप्रमाणे तीन-तीन. गावाहून नव्याने आलेला तरुण ईदगाहवर पहिल्या वर्षी हमखास चुकतो.

हे भेद किरकोळ मानले गेले आहेत. दोन्ही पंथ परस्परांना सुन्नी व प्रमाण मानतात. तथापि असरच्या वेळेचा भेद व्यवहारात जाणवतो. शाफई मताने सावली (माध्यान्हीची मूळ सावली वगळून) वस्तूएवढी झाली की असर लागते. हनफींच्या प्रचलित मताने ती दुप्पट व्हावी लागते. पालघरच्या अक्षांशावर हा फरक हिवाळ्यात सुमारे पाऊण तास, तर उन्हाळ्यात सव्वा तासापर्यंत जातो. मशिदींतून लावलेल्या वेळापत्रकांत म्हणूनच असरचे दोन रकाने छापलेले आढळतात. मिश्र वस्तीत दोघांनाही चालेल अशी वेळ उशिराचीच ठरते, कारण तोवर शाफईंची वेळ संपलेली नसते. जुन्या कोकणी घरातील वृद्धांना ते पटेलच असे नाही. वडिलांच्या काळी असर आटोपून माणसे बागेत शिंपणाला जात, आता बांग ऐकू येईपर्यंत दिवस कलतो, ही तक्रार केवळ वेळेची नसते. गावची मशीद कोणाच्या रीतीने चालावी, हा प्रश्न तिच्यात दडलेला असतो.

शुक्रवारच्या जुम्याबाबतही असेच. जोहरच्या चार रकातींऐवजी खुतबा व दोन रकाती. जुम्यासाठी शाफईंना गावातील किमान चाळीस कायम रहिवासी पुरुष हवेत; हनफींना इमामाव्यतिरिक्त तीन जण पुरतात, मात्र ठिकाण शहरवजा असावे लागते. तात्पुरत्या वस्तीतील कामगारांच्या भागात हा ‘कायम रहिवासी’ कोण, यावर एकेकाळी चर्चा झडली नसेल तरच नवल. खुतबा अरबीत होतो, त्याआधीचे प्रवचन बहुधा उर्दूत. घरात मराठीशी सख्खे नाते असलेली कोकणी बोली बोलणाऱ्या आजीच्या पिढीला ही उर्दू शिकूनच घ्यावी लागली.

दाऊदी बोहरा व इतर शियांमध्ये जोहर-असर आणि मगरीब-इशा एकत्र पढण्याची रीत आहे. त्यामुळे नमाजी पाच असल्या तरी प्रसंग तीनच. सुन्नींतील बरेलवी, देवबंदी, अहले हदीस हे भेद अधिक अलीकडचे व अधिक वादग्रस्त. त्यांचा विस्तार येथे अप्रस्तुत आहे.

चिंचणीचा ताम्रपट

या किनाऱ्यावर नमाज किती जुनी? उत्तराचा एक धागा तारापूरच्या खाडीपलीकडील चिंचणीत सापडतो. १९५५ साली येथे ताम्रपटांचा एक संच मिळाला. पुराभिलेखतज्ज्ञ दि. चं. सरकार यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यातील शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ चा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील लेख विलक्षण आहे. त्यात संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या गुजरात हद्दीवरील संजाणच्या प्रदेशाचा अधिपती म्हणून ‘मधुमती’ नावाचा ‘ताजिक’ येतो. ताजिक म्हणजे अरब. मधुमती हे मुहंमद या नावाचे संस्कृत रूप. त्याला हा प्रदेश राष्ट्रकूट राजा कृष्ण याने दिला होता. या अरब अधिकाऱ्याने लोकांसाठी विनामूल्य नावेची सोय केली, अन्नछत्र घातले आणि राजाच्या संमतीने देवीच्या एका मठिकेला गाव व जमीन दान दिली, असे लेख सांगतो.

ताम्रपटात नमाजाचा उल्लेख नाही. तसा तो असण्याचे कारणही नाही. ती बाजू अरब ग्रंथकारांनी नोंदविली आहे. नवव्या शतकातील अल-बलाजुरी सांगतो की, खलिफा मामूनच्या काळात फजल बिन माहान याने सिंदान घेतले व तेथे जुमा मशीद उभारली. पुढे स्थानिकांनी शहर परत घेतले, तेव्हा त्यांनी ती मशीद मुसलमानांच्या नमाजासाठी तशीच राहू दिली. हे सिंदान म्हणजे संजाण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दहाव्या शतकाच्या आरंभी चौलला येऊन गेलेला अल-मसूदी लिहितो की, ‘बल्हरा’ राजाच्या, म्हणजे राष्ट्रकूटांच्या, राज्यात मुसलमानांना मान आहे आणि पाच वेळांच्या नमाजासाठी त्यांच्या मशिदी आहेत. एकट्या चौलला त्याने सुमारे दहा हजार मुसलमान सांगितले आहेत. अर्थात प्रवाशांचे आकडे जपूनच घ्यावेत.

कोकणच्या या परंपरेतील सर्वांत मोठे विद्वान नाव मखदूम अली माहिमी यांचे. १४३१ मध्ये दिवंगत झालेल्या या विद्वानाने कुराणावर अरबीत भाष्य लिहिले. त्यांचा दर्गा मुंबईच्या माहीमला आहे. केळव्याशेजारच्या माहीमशी त्याचा संबंध जोडण्याची चूक पालघरमध्ये अधूनमधून होते.

बांग आणि ध्वनिक्षेपक

नमाजाची हाक म्हणजे अजान. जुन्या मराठीत ‘बांग’. देव सर्वांत थोर आहे, त्याखेरीज पूजनीय कोणी नाही, मुहंमद त्याचे प्रेषित आहेत, नमाजाकडे या, कल्याणाकडे या, असा तिचा आशय. पहाटेच्या बांगेत झोपेपेक्षा नमाज बरी, एवढे वाक्य अधिक असते. हाक मानवी आवाजात असावी, एवढीच परंपरा आहे. ध्वनिक्षेपक ही विसाव्या शतकाची भर, आणि आरंभी तो वापरावा की नाही यावर उलेमांतच मतभेद होते.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात ती उचलून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये व पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले की, ध्वनिक्षेपक लावणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क वा अनिवार्य भाग नाही. दरम्यान २०२२ च्या उन्हाळ्यात या प्रश्नाने राज्याचे राजकारण ढवळून निघाले. पालघरपुरता याचा अर्थ असा की, फजरची वेळ येथे बाराही महिने सहाच्या आतच सुरू होत असल्याने वेळ लागताच दिलेली पहाटेची बांग भोंग्यावरून देता येत नाही. इशाची वेळ ऐन उन्हाळ्यातही नऊच्या आत लागते, तिला ही अडचण नाही. पहाटे उठविण्याचे काम आता बहुतेकांचा मोबाइल करतो.

मशीद नसली म्हणून नमाज अडत नाही. स्वच्छ जागा, झाकलेले अंग आणि दिशा पुरेशी असते. अयोध्या प्रकरणातील ऑक्टोबर १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नमाज कोठेही, उघड्यावरही, पढता येते असे म्हटले, तेव्हा त्या वाक्याच्या कायदेशीर परिणामांवर वाद झाला. धर्मशास्त्राच्या दृष्टीने नमाज एकट्याने, कोठेही वैध ठरते, यात वाद नव्हता. मात्र जमातीने, रांगेत खांद्याला खांदा लावून पढण्याचे पुण्य कैक पटींनी अधिक मानले जाते. त्या रांगेत मालक आणि हमाल यांच्या जागा राखीव नसतात; जो आधी येईल तो पुढे. वसाहतीतील ठेकेदाराला आपल्याच कंत्राटी मजुराच्या पाठीमागे सजदा करावा लागतो, असे शुक्रवारी घडू शकते. ती समता मशिदीच्या पायरीबाहेर किती टिकते, हा वेगळा विषय.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि रांग मोडली. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा खुली झाली. या काळात घराघरांत जुम्याऐवजी जोहर पढली गेली, रमजानची तरावीह दिवाणखान्यात झाली. अनेक घरांत स्त्रिया व मुले प्रथमच घरातील पुरुषांमागे रोज जमातीत उभी राहिली. एरवी स्त्रियांची नमाज घरातच, बहुधा स्वयंपाक आणि पाहुण्यांच्या फटीत, एकट्याने होते. त्यांच्यावर जुमा बंधनकारक नाही. मशिदीत जाण्यास मात्र शास्त्राची मनाई नाही, असे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. पुण्यातील एका दाम्पत्याच्या याचिकेवर ते प्रतिज्ञापत्र होते. मनाई नसणे आणि मशिदीत स्त्रियांसाठी दार, वजूची जागा व पडदा असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर गावोगावच्या विश्वस्तांनाच तोडावे लागेल.

गाडीतला मुसाफीर

एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या आणि पालघर-बोईसरहून मुंबईस रोज जाणाऱ्यांची संख्या वाढली. हिवाळ्यात पहाटेची गाडी पकडणारा घरातून निघतो तेव्हा फजर लागलेलीच नसते आणि दादरला उतरतो तेव्हा सूर्य वर आलेला असतो. नमाजाची सारी मुदत गाडीतच संपते. फर्ज नमाज शक्यतो उभ्याने व काब्याकडे तोंड करून पढावी लागते. मुंबईकडे जाताना पश्चिम उजव्या हाताला, म्हणजे दिशा सोपी. उभे राहायला जागा मिळते, पण वाकायला नाही. काही जण मधल्या स्थानकावर उतरून फलाटाच्या टोकाला नमाज आटोपून पुढची गाडी धरतात. काही बसल्या जागी खुणेने पढतात आणि नंतर ती पुन्हा अदा करतात.

प्रवाशाला, म्हणजे मुसाफिराला, शास्त्राने ‘कस्र’ची सवलत दिली आहे : चार रकातींच्या नमाजा दोन रकातींच्या होतात. हनफींमध्ये ती सवलत घेणे आवश्यकच, शाफईंमध्ये ऐच्छिक. शाफईंना जोहर-असर आणि मगरीब-इशा एकत्र करण्याचीही मुभा आहे, हनफींना ती हजच्या प्रसंगाखेरीज नाही. अंतराची मर्यादा भारतातील हनफी उलेमांनी ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर धरली आहे. शाफई हिशेब ८० किलोमीटरच्या किंचित पुढे जातो. बोईसर ते चर्चगेट हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. तेव्हा चर्चगेटला नोकरी करणारा बोईसरकर रोज घराबाहेर पडून गावची हद्द ओलांडली की मुसाफीर ठरतो. बोरिवलीला उतरणारा ठरत नाही, कारण ते अंतर सत्तरच्या आसपास भरते. अंधेरीवाल्याने आपला पंथ पाहून मौलानांना विचारलेले बरे.

सायंकाळी परतताना सूर्यास्त बहुधा विरार-वैतरणाच्या दरम्यान गाडीतच होतो. मगरीबच्या तीन रकाती; त्यांना कस्र नाही. गाडी बोईसरला पोहोचेपर्यंत संधिप्रकाश उरला तर ती घरी मिळते, नाही तर शाफई प्रवासी नीयत करून ती इशाबरोबर जोडतो. हनफी मात्र गाडीतच जागा शोधतो. घरी पोहोचल्यावर दोघेही मुसाफीर राहत नाहीत, आणि इशाच्या चारही रकाती पूर्ण पढाव्या लागतात.